खिडक्यांच्या पट्ट्या नाहीशा झाल्या तेव्हा

मित्रमैत्रिणींनो, आज दुपारी लिनक्स या संगणकप्रणालीवर पडद्यावरच्या खिडक्या हलवताना त्या डुलाव्यात, म्हणून सेटिंग्जमध्ये खुणा करत होते. एक खूण चुकून निघाली आणि सर्व खिडक्यांच्या वरच्या पट्ट्या बंद करायच्या बटणासकट नाहीशा झाल्या. संगणक माझ्या रूममेटचा, वैशालीचा. उद्या तिचे प्रोजेक्टचे सादरीकरण.

"बोर्डात आलेली ना गं तू? निस्तर आता!" ती म्हणाली.

वर्गात मी कधी हात वर केलेला नाही. तरी मोडक्यातोडक्या इंग्रजीत लिनक्स वापरणाऱ्यांच्या ऑनलाइन फोरमवर प्रश्न विचारला. थोड्याच वेळात एकाने कोणती खूण निघाली ते सांगितले आणि पुढे लिहिले, "क्षमस्व. प्रोग्रॅमचा हा भाग मीच लिहिला आहे. त्या खुणेपुढचे नाव फसवे आहे, बदलतो."

ती खूण पुन्हा केली आणि पट्ट्या परतल्या. मी अजून थक्क आहे. घडवणाऱ्यानेच माझी क्षमा मागितली!

तुम्ही कोणता प्रश्न संकोचाने गिळून टाकला आहे?