नारळांच्या नावाचं दार

भाट्याची हौसाबाई आयुष्यात एकदाच मोठं खोटं बोलली, आणि तेही साक्षात देवीशी. एरवी बाई सरळ. इतकी सरळ, की शेजारणी तिला कुठल्याही भानगडीत साक्षीला घ्यायला घाबरत.

तिचा नवरा शिवा पाडेली, झाडावरून नारळ-सुपारी उतरवणारा. नारळी-पोफळी चढण्यात त्याचा हात धरणारा आसपास कोणी नव्हता. एका श्रावणात ओल्या पोफळीवरून तो खाली आला तो कमरेपासून पाय गमावूनच. घर उतारावर, जोतं उंच, पुढच्या पायऱ्या अशा उभ्या की धडधाकट माणसालाही धाप लागावी. त्याला उचलून खाली न्यायला वाडीतले गडी एका पायावर तयार होते. पण ज्याने जन्मभर लोकांना माना वर करून बघायला लावलं, तो लोकांच्या पाठुंगळीला कसा बसणार? तो ओटीवरून उतरलाच नाही. वर्षं गेली. विहिरीवर बायका बोलताना म्हणू लागल्या, "शिवा होता तवा नारळ वेळेवर उतरायचं." होता! हौसाच्या अंगाची लाही झाली. जिता माणूस घरात जेवतोय आणि गाव त्याला 'होता' करून बसलंय.

माजघराच्या खाली सासऱ्याने जांभ्यात खोदलेलं तळघर होतं. दमट, काळोखं, जुने दोर आणि विंचू यांचं माहेरघर. त्याची जमीन खालच्या अंगणाच्या सपाटीला होती, मध्ये फक्त एक भिंत. ती फोडली तर शिवा आपल्या हातांवर सरकत अंगणात जाईल, कुणाच्या खांद्याशिवाय. हे हौसाच्या डोक्यात आलं आणि तिला झोप लागेना. पण शिवाला सांगायची सोय नव्हती. काम अर्धवट राहिलं, फसलं, तर त्या माणसाला दुसऱ्यांदा पाडल्यासारखं होईल.

तिने राजिवड्याच्या गफूर मेस्त्रीला बोलावलं. गफूर घरबांधणीची कामं उक्ती घेई. तोंड थापीपेक्षा जास्त चाले, पण भिंत ओळंब्यात. त्याने काठीने अंगणात रेघा मारल्या. चिरे नवे नकोत, पावसाळा खाल्लेले आणतो, म्हणाला. पाणी काढून द्यायला भिंतीच्या कडेने पन्हळ, जमिनीला चोपून चुना.

"काय ठेवणार हितं, वैनी?"

"नारळ," हौसा म्हणाली.

"दार दक्षिणेला येतंय हां. नंतर माज्या नावानं खडं फोडू नका."

दक्षिणेचं दार म्हणजे यमाचं. हौसा कौल घ्यायला ग्रामदेवीकडे गेली. तिथे धाकू गुरव देवीच्या अंगावर ओल्या पाकळ्या चिकटवून प्रश्न विचारी. उजवी पाकळी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. धाकूच्या तोंडात तीळ भिजत नसे. शिवाचं नाव घेतलं तर दिवेलागणीच्या आत ते शिवाच्याच कानावर जाणार. म्हणून हौसा देवीसमोर डोळे मिटून म्हणाली, "नारळ ठेवायला दार पाडायचं हाय." उजवी पाकळी टपकन पडली. हौसाने हात जोडले आणि ती तडक घरी परतली.

भिंत फुटली. शिवाला तळघराची डागडुजी चाललीय, एवढंच सांगितलं होतं. चौकट बसवायच्या वेळी गफूरने विचारलं, "उंबरठा किती उंच घालू?"

"घालूच नको."

गफूर तिच्याकडे बघत राहिला. "वैनी, नारळांना उंबरठ्याची अडचण कधीपासनं व्हाय लागली?"

तेव्हा हौसा रडली आणि तिने सगळं सांगितलं. गफूरने उंबरठ्याचा चिरा उचलून बाजूला ठेवला.

पण धाकूने आपलं काम चोख केलं होतं. ओटीवर येऊन तो शिवाला म्हणाला, "नारळांचा धंदा काढलास म्हणं! कौल पण उजवा मिळालाय." त्या संध्याकाळी शिवाने ताट सरकवलं.

"नारळांना भाईर जायला दार केलंस गो," तो म्हणाला. "आणि मी हितंच."

हौसाला राहवलं नाही. तिने खरं काय ते सांगून टाकलं. शिवाचे डोळे पाणावले. पण गडी देवभोळा, वर हट्टी. डोळे पुसून म्हणाला, "देवीनं दार नारळांना दिलंय. मी त्यातनं गेलो तर ती चोरी."

"मग पुन्ना विचारू."

"आणि डावा दिला तर?"

हातातला उजवा कौल टाकून कोण विचारायला जातं?

सकाळी गफूरला हे कळलं. तो हसला नाही, हे विशेष. वर येऊन शिवाजवळ मांडी घालून बसला. "दाराचं ऱ्हाव दे. वरनं तळघरात कसा उतरणार ते बोल. मी जिना काढणार हाय."

"जिना कशाला?" शिवा खेकसला. "माजघराची तक्तपोशी काप, फळ्या काढ. तुळईला दोर बांध. पाय गेलं, हात हायत."

मग दोर केवढा जाड, गाठी किती अंतरावर, तुळई फणसाची की आंब्याची, यावर दोघांची अशी जुंपली की हौसा चहा घेऊन उभीच राहिली. इतक्या वर्षांत शिवाला कुणी दयामाया सोडून काही विचारलं नव्हतं. तिनेही नाही. तिला स्वतःची लाज वाटली आणि गफूरबद्दल ऊर भरून आला. पुढे गफूर होता तोवर ईदला त्याच्या घरी पहिली शहाळी हौसाकडचीच गेली.

काम पुरं झालं त्या दिवशी शिवा दोरावरून झरझर उतरला. बुडाखाली गोणपाट घेऊन सरकत दारापाशी आला आणि थांबला. बाहेर ऊन पडलं होतं.

गफूरने एक नारळ आणून त्याच्या मांडीत ठेवला. "दार ह्येचं, कबूल. तू ह्येला देवीकडं पोचवाय चाललायस. पोचवणाऱ्याला कोण अडवतंय?"

शिवा आधी चिडला, मग हसला आणि हसता हसताच बाहेर आला.

अंगण संपलं तरी तो थांबला नाही. पाखाडीची दगडी वाट उतरणीची, देऊळ खालीच. नारळ पुढे ढकलायचा, मग आपण सरकायचं. लोक दारात आले, कुणी धावलंही, पण मागून येणाऱ्या हौसाने डोळे असे वटारले की हात जागच्या जागी राहिले. देवळात पोचेस्तोवर शिवाचे तळवे सोलवटले होते.

धाकू गुरव गडबडीने पाकळ्या भिजवू लागला. "काय विचारू? कसलं गाऱ्हाणं घालू?"

शिवाने नारळ देवीसमोर ठेवला.

"गाऱ्हाणं काय नाय," तो म्हणाला. "शिवा आलाय, एवढंच सांग."