ट्रेमधले दात

आमच्या आत्याला स्वप्नांचे अर्थ कळतात, हे ती राहते त्या अख्ख्या बेव्हर्ली पार्कात ठाऊक आहे. कळतात म्हणजे किती, तर तिच्या धाकाने त्या भागातली निम्मी माणसं झोपेत कूससुद्धा विचार करून बदलतात. तिच्या बिल्डिंगमधल्या एका गृहस्थांना स्वप्नात रेडा दिसला. आत्याने त्यांना असं काही घाबरवलं की त्यांनी लिफ्ट सोडली, स्कूटर पुतण्याला देऊन टाकली आणि रस्त्याने चालताना भिंतीला हात लावून चालू लागले. भिंतीला हात लावून चालता चालता एक दिवस वरून कुंडी पडली. कपाळाला टाके. आत्या बघायला गेली, म्हणाली, "बघा, सांगितलं म्हणून थोडक्यात निभावलं." ते गृहस्थ पडल्या पडल्या तिच्या पाया पडले. मी सगळं फुगवून सांगते असं आमच्या घरात म्हणतात. आत्याच्या बाबतीत उलट मी आवरतं घेते.

तिचे नियम साधे होते. स्वप्नात लग्न दिसलं की कुणीतरी जाणार. कुणी गेलेलं दिसलं की त्याचं आयुष्य वाढलं. दात पडले की घरातलं माणूस जाणार. वाईट स्वप्न पडलं तर उठल्या उठल्या वाहत्या पाण्याला सांगायचं, मग माणसांशी बोलायचं. चांगलं पडलं तर कुणालाच सांगायचं नाही, सांगितलं की त्याचं फळ जातं. आता भाईंदर पूर्वेला वाहतं पाणी म्हणजे काय चीज आहे हे आत्याला कोण सांगणार? आमच्या इंद्रलोकमधल्या बिल्डिंगमध्ये सकाळी बायका तोंड शिवल्यासारख्या जिन्यातून जाताना दिसल्या की मी ओळखायचे, रात्री सगळ्यांना वाईट स्वप्नं पडली आहेत आणि टँकर अजून आलेला नाही.

त्या घरात मी आणि बाबा, दोघंच. आई जाऊन बरीच वर्षं झाली होती. दादा आणि वहिनी सिल्व्हर पार्कला, रिक्षाने गेलं तर इतकं जवळ की दादाला यायला महिनामहिना वेळ मिळत नसे. बाबांनी उभं आयुष्य गिरगावातल्या एका डेंटल लॅबमध्ये कवळ्या बनवल्या. मेणात एकेक दात बसवायचा, हिरड्यांचा रंग जुळवायचा, ट्रेमध्ये मांडून ठेवायचं. बाबा माणसांना चेहऱ्याने ओळखत नसत. लग्नाच्या पंगतीत एखादा हसला की हळूच म्हणत, "वरची माझी आहे. खालची कुठल्या तरी भलत्याने केलीय."

मी अंधेरीच्या एका हॉटेलात हाऊसकीपिंगला होते. चादरी, टॉवेल, पाहुण्यांनी विसरलेले चार्जर आणि न विसरता नेलेले हँगर. तिथून मला मस्कतच्या एका हॉटेलात सुपरवायझरची नोकरी मिळाली. राहायला जागा, हाताखाली माणसं, समुद्र. व्हिसा झाला होता. शुक्रवारपर्यंत हो किंवा नाही कळवायचं होतं. बाबांनी दादाकडे जाऊन राहायचं, असं ठरलं होतं. म्हणजे मी आणि बाबांनी ठरवलं होतं. दादा "बघू ना, बघू ना" म्हणाला होता, आणि वहिनी काहीच म्हणाली नव्हती. वहिनी काहीच म्हणत नाही तेव्हा ती फार मोठ्याने बोलत असते.

त्या आठवड्यात आत्या आमच्याकडे राहायला आली होती. सकाळी मी चहा गाळत होते. बाबा आतून आले ते हसतच.

"अगं, काय गंमत झाली. स्वप्नात मी लॅबमध्ये. हातात ट्रे, काठोकाठ दात भरलेले. आणि निसटला ना हातातून! सगळे दात खाली, फरशीवर, टेबलाखाली, दारातून बाहेर जिन्यावर. मी आपला बघत उभा."

आत्याने कप खाली ठेवला. "नळाला सांगितलंस?"

"काय?"

"आधी नळाला सांगितलंस का नाही?"

"अगं ताई, नळाला काय सांगायचं? गंमत आहे ती. आणि दात माझे नव्हते. ट्रेमधले होते. नवेकोरे, कुणाच्या तोंडात न गेलेले."

"दात म्हणजे दात. तोंडातले काय नि ट्रेमधले काय. आणि जिन्यावर गेले म्हणतोस? म्हणजे उंबरठा ओलांडला." मग माझ्याकडे वळली. "या घरातलं माणूस जाणार. आणि तू निघालीयस समुद्रापार. पोरी, जरा तरी डोकं आहे का?"

मी म्हटलं, "आत्या, बाबांनी आयुष्यभर दातच केले. त्यांना स्वप्नात दात नाही दिसणार तर काय नारळ दिसणार?"

"हेच! देवाने त्याला त्याच्याच भाषेत सांगितलं."

या वाक्याशी भांडता येत नाही. मी अजूनपर्यंत भांडून बघते आहे.

रविवारी दादा आला. बोलावल्याशिवाय, वहिनीसकट, फरसाण घेऊन. फरसाण पाहूनच मी ओळखलं, हे काही नुसते भेटायला आलेले नाहीत. दादा शिकलेला, मोठ्या कंपनीत. तो आत्यासारखं थोडंच बोलणार? त्याने मोबाईल काढला.

"हे बघ, माझा काही या अंधश्रद्धेवर विश्वास नाही. पण सायन्सही काय म्हणतं बघ. स्वप्नात दात पडणं म्हणजे इनसिक्युरिटी. जगभर. युनिव्हर्सल सिम्बॉल आहे तो. म्हणजे बाबांना आतून असुरक्षित वाटतंय, तू जाणार म्हणून."

बाबा म्हणाले, "मला नाही वाटत असुरक्षित."

"बाबा, ते तुम्हाला कळत नसतं. आतून असतं."

"आतून पण नाही वाटत रे."

"तेच तर!" दादा म्हणाला, आणि आत्याने मान डोलावली. आमच्या घराण्यात आत्याचं आणि विज्ञानाचं एकमत होण्याची ती पहिलीच वेळ. ढोल लावायचे बाकी होते. वहिनीने फरसाणची वाटी माझ्यापुढे सरकवली. "आणि आमच्याकडे बाबांना लिफ्टचा त्रासच होईल हो. सारखी बंद असते."

समोरच्या दारातल्या गुजराती काकी कोथिंबीर मागायला आल्या, त्यांनी सगळं ऐकलं. म्हणाल्या, "अरे, अमारे में तो सपने में दाँत गिरे तो पैसा आता है! जाने दो लड़की को, पैसा ही आनेवाला है." मी त्यांना मिठी मारणार होते. पण आत्याने कोथिंबीर अशी काही त्यांच्या हातात ठेवली की काकी पुढचं न बोलता गेल्या. "त्यांचं त्यांच्यात," आत्या म्हणाली. म्हणजे बघा, जगभर एकच असलेला अर्थ समोरच्या दारापर्यंतसुद्धा पोचत नव्हता.

मग मीही इरेला पेटले. सोमवारी सकाळी उठून जाहीर केलं, मला स्वप्न पडलं. पांढरा हत्ती, त्याच्यावर मी, माझ्या हातात कमळ, वाटेत भरलेली घागर घेऊन सवाष्णी, दोन्ही बाजूंना गाई, वासरांना पाजणाऱ्या. शेवटी तर मोर येऊन माझा पासपोर्ट चोचीत धरून उभा राहिला. एका रात्रीत कुणाला इतके शुभशकुन झाले नसतील. राजेमहाराजांनासुद्धा हप्त्याहप्त्याने मिळत असतील.

आत्याने शांतपणे ऐकून घेतलं. "फार चांगलं स्वप्न होतं गं," ती म्हणाली. "सांगायला नको होतंस."

शुक्रवारी मी 'नाही' म्हणून कळवलं.

का, असं मला अजून लोक विचारतात. दादा काही मला दोरखंडाने बांधून ठेवणार नव्हता. पण बाबांना ठेवायला मला एक घर लागत होतं आणि ते घर त्या रविवारी फरसाणाबरोबर बंद झालं. दाराला कुलूप घातलं असं कुणी म्हणालं नाही. सगळे फक्त स्वप्नाबद्दल बोलत होते.

माझ्याबरोबर हॉटेलात उत्तनची एक मुलगी होती, तिथल्याच जुन्या ख्रिश्चन घरातली. मी नाही म्हटल्यावर ती जागा तिला मिळाली. तिलाही जायच्या आधी वाईट स्वप्न पडलं, वरात आहे, बँड आहे आणि नवरीच नाही. आमच्या आत्याने ऐकलं असतं तर सरळ स्मशानातच नेऊन बसवलं असतं तिला. तिने आईला सांगितलं. आई मासे साफ करत होती. हात न थांबवता म्हणाली, "सपान तुजा हाय, तूच सांग त्याचा अर्थ काय. मना काय ठाव न्हाय." ती पोरगी म्हणाली, मला वाटतं, मी लवकर लग्न करणार नाही. "मंग ठीक हाय," आई म्हणाली, आणि मस्कतला न्यायला सुक्या बोंबलांची पिशवी भरून दिली. हे तिने मला सांगितलं तेव्हा मी खूप हसले. मग घरी येऊन बाथरूमचा नळ सोडला आणि बादली भरून घेतली. नळाला काही सांगितलं नाही. सांगण्यासारखं स्वप्न कुठे होतं? सगळं जागेपणीच झालं होतं.

आणि कुणी गेलं का? नाही. आमच्या घरात माणसं टणक आहेत. दादाचं वजन वाढलं, वहिनीने झुंबा लावला, आत्याचा मोतीबिंदू निघाला आणि तिला आता लांबच्या लोकांचीही स्वप्नं स्पष्ट दिसतात. मी एकदा म्हटलं, "आत्या, गेलं नाही ना कुणी?" तर म्हणाली, "तू गेली नाहीस ना, म्हणून." रेड्याच्या स्वप्नाचं तरी बरं, निदान कुंडी पडली होती. माझ्या बाबतीत काहीच पडलं नाही, आणि तोच पुरावा ठरला.

एकदा संध्याकाळी बाबांच्या पायांना तेल लावताना मी विचारलं, "बाबा, त्या स्वप्नात तुम्हाला भीती वाटली होती का?"

"छे. हलकं वाटलं."

"हलकं?"

"अगं, उभ्या जन्मात माझ्या हातून ट्रे पडला नाही. पडला असता तर मालकाने जीव घेतला असता. आणि त्या दिवशी पडला, तर मला काहीच वाटेना. म्हटलं, जाऊ देत. झाले आपले दात करून. आता पोरगी निघाली, आपल्याला उचलायचं काही राहिलं नाही. हसतच उठलो मी."

"मग बोलला का नाहीत तेव्हा?"

बाबांनी दुसरा पाय पुढे केला. "बोललो की. गंमत झाली म्हणालो. पण अर्थ कुणी मला विचारलाच नाही."

खरं आहे. स्वप्न त्यांचं, दात त्यांनी केलेले, आणि त्या सकाळी मीसुद्धा आत्याशी भांडत होते, त्यांच्याकडे बघत नव्हते. लोक वाद घालतात, स्वप्नांचे अर्थ सगळ्या जगाचे एक असतात की ज्याचे त्याचे वेगळे. मला विचाराल तर ते ज्याच्या घरात जास्तीची खोली असते आणि ती त्याला द्यायची नसते, त्याच्या मालकीचे असतात.

परवा आत्या आली पेढे घेऊन. तिची नात कॅनडाला चालली आहे शिकायला. व्हिसा आला. पेढे उत्तम होते, हे मला मान्य केलंच पाहिजे, मी तीन खाल्ले. बोलता बोलता आत्या बाबांना म्हणाली, "अरे, काल मला स्वप्नात दात पडलेले दिसले. सगळेच्या सगळे."

माझा पेढा हातातच राहिला. मी म्हटलं, "मग?"

"मग काय? कवळी सैल झालीय ना माझी, रात्री काढायची विसरले, ती सारखी हलत होती. झोपेत तसं वाटणारच."

"कवळीमुळे?"

"नाहीतर काय! आपलं शरीर आपल्याला कळतं."

बाबांनी हात पुढे केला. "दे, घट्ट करून देतो." ते खरंच उठून हत्यारांचा डबा आणायला गेले. आत्याने इकडे तिकडे बघत माझ्याजवळ खुर्ची सरकवली.

"नात गेल्यावर घर खायला उठेल बघ मला. तू येशील ना माझ्याकडे राहायला? बाबालाही घेऊन ये. तू काय, मोकळीच असतेस."

माझ्या तोंडात पेढा होता, म्हणून मला उत्तर नीट चावून देता आलं.

"उद्या सांगते आत्या. रात्री काय स्वप्न पडतंय ते बघते."

त्या रात्री मला दगडासारखी झोप लागली, स्वप्न-बिप्न काही नाही. सकाळी उठून मी आत्याला फोन लावला आणि आवाज जरा खोल करून म्हटलं, पडलं. फारच वाईट पडलं.