काकांनी सांगितलेला सिनेमा

आमच्या काकांनी सांगितलेल्या सिनेमाहून चांगला सिनेमा जगात कुणी काढलेला नाही, असं माझं आजही ठाम मत आहे. काका म्हणजे माझ्या मावशीचे यजमान. सोलापुरात टॉवेल-चादरींच्या एका कारखान्यात मागावर नक्षी उमटवणाऱ्या पुठ्ठ्यांना भोकं पाडायची, हे त्यांचं काम. घरात टीव्ही आणायचा नाही, हे त्यांचं तत्त्व. "डब्यात कोंडलेली माणसं मला बघवत न्हाईत," असं ते म्हणत आणि विषय संपवत. ते घरातले थोरले, म्हणून त्यांचा नियम दोन गल्ल्या पलीकडच्या आमच्या घरालाही लागू झाला. पुढे जावयांनी हौसेनं टीव्ही आणून दिला, तर काकांनी तो खोकं न फोडता चर्चच्या हॉलला देऊन टाकला. जावई महिनाभर फुगून बसले होते.

पण नाताळाला सिनेमा ठरलेला. सकाळी उपासना, मग शेजारीपाजारी करंज्या-चकल्यांची ताटं, दुपारी मटण आणि बरोबर चार वाजता मावशीच्या पुढच्या खोलीत सिनेमा. खिडक्यांना चादरी लागत, आम्ही सगळे चटईवर बसत असू आणि काका कपाटासमोर उभे राहून आदल्या आठवड्यात 'बघून आलेला' इंग्रजी सिनेमा अख्खा सांगत. नुसता सांगत नसत, करून दाखवत. तांब्यात फुंकर मारून बर्फाचं वादळ आणत. एका वर्षी बर्फात रुतलेला घोडा करताना त्यांच्या कमरेत उसण भरली, तरी घोडा बाहेर निघेपर्यंत त्यांनी मावशीला तेलाची बाटली आणू दिली नाही. मध्ये मध्यंतर असे, त्यात केक मिळे. मध्यंतराआधी कुणी खोकलं तर काका थांबत, त्याच्याकडे बघत आणि आधीचा प्रसंग पुन्हा पहिल्यापासून करत.

एरवी हा माणूस मोजकंच बोलायचा. मुलीशी, म्हणजे आमच्या एस्तेरताईशी, तर त्याहून मोजकं. तिला बक्षीस मिळालं तरी "पंखा बंद कर" एवढंच कौतुक व्हायचं. लाड, माया, जवळ घेणं हे सगळं मावशीच्या खात्यात होतं.

मी दहा वर्षांची होते तेव्हाची गोष्ट. नाताळाच्या आधी केकचं पीठ घरी कालवून डब्यातनं बेकरीत भाजायला द्यायची आमच्याकडे पद्धत. ते डबे आणायला आईनं मला संध्याकाळी पिटाळलं. वाटेत टीव्हीचं एक मोठं दुकान होतं. त्याच्या काचेला नाक लावून, डोळ्यांवर हाताची झापड करून काका उभे होते. आत चार टीव्हींवर एकच सिनेमा चालू होता. रस्त्यावर आवाजाचा पत्ता नव्हता. लाल टोपीवाली एक मुलगी, बर्फातलं स्टेशन, हातात कंदील घेतलेला एक माणूस. काकांचे ओठ हलत होते. सिनेमा संपेपर्यंत ते जागचे हलले नाहीत आणि मीही नाही. मग काचेत त्यांना मी दिसले. ते वळले, माझ्याकडे बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "केक करपंल. जा."

मला सगळं कळलं. मागांच्या खडखडाटात कारखान्यातली माणसं एकमेकांचं बोलणं ओठांवरून ओळखतात. काकांनी तीच युक्ती इंग्रजी सिनेमाला लावली होती, आणि त्यांना इंग्रजी येत नव्हतं. त्या नाताळाला त्यांनी कंदीलवाल्या बापाचा आणि शहरात शिकायला निघालेल्या मुलीचा सिनेमा सांगितला. आई, मावशी, सगळ्यांनी डोळे पुसले. काकांनी संपूर्ण खोलीकडे बघितलं, फक्त माझ्याकडे नाही. कुणीतरी खरा सिनेमा बघेल, काका खोटे पडतील आणि पुन्हा कधी कपाटासमोर उभे राहणार नाहीत, ही धास्ती मी एकटीनं वर्षानुवर्षं बाळगली.

गेल्या नाताळाला ती धास्ती लॅपटॉपच्या पिशवीतून घरात आली. एस्तेरताई आता पुण्यात मोठ्या दवाखान्यात सिस्टर आहे. लाल टोपी, बर्फ, स्टेशन, कंदील एवढ्या खुणांवरून तिनं महिनोन्‌महिने शोधून तो सिनेमा मिळवला होता, आणि सगळ्यांबरोबर बघायचा म्हणून स्वतः अजून बघितला नव्हता. काकांचं वय झालंय, सांगताना दम लागतो, तर त्यांनी आपला आवडता सिनेमा एकदा निवांत बसून बघावा, ही तिची भेट. "बाबा, आज तुम्ही चटईवर," ती म्हणाली. काकांचा चेहरा पांढरा पडला. मी म्हटलं, आधी केक कापू. केक कापून झाला. मी म्हटलं, लाइट जाईल. ताई म्हणाली, बॅटरी भरलेली आहे. मी मावशीला म्हटलं, तुझे डोळे दुखतील. मावशी चष्मा पुसून पुढे सरकून बसली. काका उठून निघून जातील असं वाटलं, पण ते मांडी घालून बसले, शाळेत शिक्षा झालेल्या मुलासारखे.

सिनेमा सुरू झाला. ताई मावशीला एकेक वाक्य मराठीत सांगू लागली. दहा मिनिटांत तिचा आवाज अडखळायला लागला. कंदीलवाला माणूस त्या मुलीचा बाप नव्हताच. तो गुप्त पोलीस होता. मुलीनं कुणाचा तरी हिऱ्यांचा हार लांबवला होता आणि हा तिच्या पाळतीवर होता. मावशी वळून काकांना म्हणाली, "अहो, हा तर पोलीस हाय की." काका पडद्यावरची नजर न हलवता म्हणाले, "पोरीच्या मागं मागं फिरतोय, म्हंजे बापच असणार असं वाटलं मला."

मग तो स्टेशनवरचा प्रसंग आला. मुलगी गाडीत, माणूस खाली, दोघं खिडकीतून बोलतात. ताईनं सवयीनं भाषांतर केलं, "हार कुठं लपवलास ते सांग, पुढच्या स्टेशनवर आमची माणसं उभी आहेत." एवढं म्हणून तिनं लॅपटॉप थांबवला.

मला वाटलं, आता संपलं.

"बाबा," ताई म्हणाली, "त्या नाताळानंतर मी मिरजेला नर्सिंगला गेले. गाडी सुटेपर्यंत तुम्ही 'डबा सांडू नको' एवढंच म्हणालात. मी रडत गेले. तिथं रोज परत यावंसं वाटायचं, तेव्हा मी या सिनेमातलं वाक्य आठवायची. 'मन न्हाय लागलं, नापास झालीस, तरी कदीबी परत ये. कंदील मी इझवत न्हाय.' ते वाक्य यात नाहीच. मग ते कोण बोललं?"

काका गुडघा चोळत राहिले. "काचेतनं ऐकू कुटं येतंय," ते शेवटी म्हणाले. "त्येचं तोंड हलत हुतं. मला तुला जे सांगायचं हुतं, ते मी त्येच्या तोंडात घातलं."

"मग मलाच का नाही सांगितलंत?"

"सांगायला लई यळा तोंड उघडलं, बाळ. उघडलं की डब्याचंच येतंय."

त्यांनी ताईला 'बाळ' म्हटलेलं मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं. ती उठून त्यांच्याशेजारी चटईवर जाऊन बसली आणि तिनं त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवलं. काकांना हात कुठे ठेवावा ते कळेना, म्हणून त्यांनी तो तिच्या डोक्यावर ठेवला आणि तसाच राहू दिला. मला वाईट वाटलं ते माझंच. इतकी वर्षं मी हे गुपित काकांची अब्रू म्हणून जपलं. दहाव्या वर्षीच तोंड उघडून ते शब्द काकांचेच आहेत असं ताईला सांगितलं असतं, तर त्या मिरजेच्या गाडीत ती एवढी रडली नसती.

सिनेमा काही पुढे सरकला नाही. त्या मुलीनं हार कुठं लपवला होता, ते आम्हाला कुणालाच अजून माहीत नाही.