बिनपेटीच्या बाया

रविवारी दुपारी साडेतीन वाजले की माझ्या अंगातलं त्राण जातं. सहा दिवस डाळ मिलच्या ऑफिसात गेलेले असतात, धुतलेले कपडे बादलीत तसेच असतात आणि चार वाजता तालीम असते. सकाळपासून मी सहा जणींना फोन केलेले असतात. एकीकडे पाहुणे, एकीचे गुडघे, एकीची नात. प्रत्येकीला मी तेच सांगते, "ये गं, तासाभराचं तर काम आहे." हे तासाभराचं काम गेली सत्तावीस वर्षं चाललंय. गाण्याची वही माझ्याकडे, शाळेच्या वर्गाची किल्ली माझ्याकडे, रुसवेफुगवेही माझ्याकडे. कोणी विचारलं की तुम्ही गटात काय करता, तर मी गाते असं सांगायला हवं. पण गाणं त्यात सगळ्यात कमी असतं.

जळगावात आम्हाला बिनपेटीच्या बाया म्हणतात. आधी चेष्टेनं म्हणायचे, आता सवयीनं म्हणतात. आम्ही पेटी-तबल्याशिवाय गातो, नुसत्या गळ्यावर. तीन ओळी असतात, म्हणजे तीन थर. वरची ओळ, मधली आणि खालची. एकच गाणं तिन्ही एका वेळी वेगवेगळ्या उंचीवरून म्हणतात. त्यामागे काही मोठा विचार होता असं लोकांना वाटतं. एकदा एका पत्रकारानं मला तसं विचारलंही होतं. विचार कसला डोंबलाचा. आमची पेटी हरवली होती.

आमचा पहिला मोठा कार्यक्रम धुळ्यात, एका कॉलेजच्या सभागृहात होता. आम्हाला शिकवणारे मास्तर पेटी घेऊन निघाले. पारोळ्याच्या स्टँडवर गाडी थांबली, मास्तर चहाला उतरले आणि परत येऊन बसले ते दुसऱ्याच गाडीत. ती नाशिककडे जाणारी होती, आमची धुळ्यापर्यंतची. त्यांची पेटी आमच्या गाडीच्या टपावर राहिली. आम्ही धुळ्याला उतरून मास्तरांना शोधत बसलो, तेवढ्यात डेपोत गाडीला दुसरी फेरी लागली आणि ती पेटीसकट कुठेतरी निघून गेली. मास्तर चार वाजता सापडले. पेटी सापडली नाही.

तेव्हा अक्का बोलल्या. अक्का शिरपूरकडच्या. आमच्यात वयानं मोठ्या, नर्सची नोकरी करून आलेल्या, शहरात इतकी वर्षं काढूनही घरच्यासारखं अहिराणीच बोलणाऱ्या. म्हणाल्या, "पेटी गई ते गई. गळा ते आपलाजोडेच शे ना?" आणि त्यांनी डोळे मिटून सूर दिला. मास्तरांनी वहीत प्रत्येक गाण्याशेजारी "काळी चार" लिहून ठेवलं होतं. म्हणजे पेटीवरची चौथी काळी पट्टी, बायकांच्या गळ्याला बरी पडते. अक्कांनी पेटीशिवाय नेमकी तीच दिली. मास्तर विंगेत तोंड वासून उभे होते.

लोकांना ते आवडलं. मास्तर मात्र रुसले. पुढच्या महिन्यात नवी पेटी आणली तरी आम्ही तिच्याशिवायच गायचा हट्ट धरला आणि ते गट सोडून गेले. नियम झाला, वाद्य नाही. सूर अक्का देणार, बाकीच्यांनी धरायचा.

हे सांगायला सोपं आहे. वाद्य नसलं की कशाचाही सूर लागतो. पंख्याची घरघर आवाजाला आपल्याकडे ओढते, म्हणून तालमीत पंखे बंद. जळगावच्या मे महिन्यात, चित्रकलेच्या वर्गात, पंखे बंद! शेजारच्या बिल्डिंगची पाण्याची मोटर सुरू झाली की थांबायचं, ती बंद झाली की पुन्हा पहिल्यापासून. आम्ही चौदा जणींवर गेलो, मग सातवर आलो. कोणी गेलं, कोणाच्या बदल्या झाल्या, कोणाला घरच्यांनी पुरे म्हटलं.

मी वरची ओळ गाते. आता ते अभिमानानं सांगते आहे हे मला कळतं, पण घरी-दारी माझं म्हणावं असं तेवढंच होतं. आठ वर्षांपूर्वी गळ्यातल्या गाठीचं ऑपरेशन झालं तेव्हा डॉक्टर म्हणाले होते, बोलण्याला काही होणार नाही, वरचे सूर मात्र पूर्वीसारखे लागतील याची खात्री नाही. मी तीन महिने घरी होते. देवाला काही मागायची मला सवय नाही, पण त्या तीन महिन्यांत मागितलं. मग भीत भीत तालमीला गेले. अक्कांनी सूर दिला, आम्ही हळदीचं गाणं धरलं, अक्कांनी माहेरून आणलेलं. त्याचं तिसरं कडवं फार वर चढतं. मी चढले. घरी येऊन नवऱ्याला म्हटलं, डॉक्टरांना काय कळतं गाण्यातलं. पुढच्या तपासणीला डॉक्टरांनाही ऐकवलं.

नंतर केव्हातरी माझ्या लक्षात आलं की अक्का सूर खाली देतात. एकदम नाही. यंदा जरासा, पुढच्या वर्षी आणखी जरासा. अक्कांचं वय होत होतं, कान आणि गळा दोन्ही थकणारच. मी कोणाला बोलले नाही. त्यांना सांभाळून घ्यायचं असं मी मनाशी ठरवलं आणि त्याचंही ओझं माझ्या ओझ्यांत टाकलं.

याच्यावरून आमची एक चांगली मैत्रीण गट सोडून गेली. ती खालची ओळ गायची, भरीव, पक्क्या आवाजाची. सहा वर्षांपूर्वी एका तालमीत ती वही मिटून म्हणाली, "सूर फार खाली लागतोय. माझे शब्द जमिनीत जातायत, कोणाला ऐकू येत नाहीत."

मी तिला बाजूला घेतलं. म्हटलं, "अक्कांचं वय झालंय. जरा समजून घे की. सगळं आपल्यासाठीच असतं का?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. काही बोलणार होती, बोलली नाही. पर्स उचलली आणि गेली. मी दोन फोन केले, तिनं कारणं सांगितली. मग मीही चिडले आणि फोन बंद केले. ती मुलाकडे धुळ्याला राहायला गेली हे दुसऱ्यांकडून कळलं. माणसं अशी स्वार्थी असतात असं मी बऱ्याच जणांना सांगितलं.

या वर्षी धुळ्याहून बोलावणं आलं. तेच कॉलेज, तेच सभागृह. बोलावणं वाचून मला आनंद व्हायला हवा होता. मला आधी दिसले ते फोन, गाडी ठरवणं, कोण येणार, कोण आयत्या वेळी नाही म्हणणार.

गटात दोन वर्षांपूर्वी एक मुलगी आली आहे, फिजिओथेरपिस्ट, हुशार आणि सरळ बोलणारी. मास्तरांच्या हातचं "काळी चार" तिनं वहीत वाचलं आणि एका तालमीत गुपचूप मोबाइलवर आमचा सूर मोजला. तालीम झाल्यावर मला म्हणाली, "ताई, आपण पांढरी चारवर गातोय. तीन पट्ट्या खाली. म्हणून गाणी झोपलेली वाटतात. कार्यक्रमाला आपण मोबाइलवरून सूर घेऊ. कानाला लावून मी एकटी ऐकेन, लोकांना कळणारही नाही. फक्त अक्कांना तुम्ही सांगा."

तुम्ही सांगा. हे दोन शब्द मी आयुष्यात किती वेळा ऐकलेत!

मी अक्कांकडे गेले. त्या मेथी निवडत होत्या. मी समोर बसले, मेथी ओढून घेतली आणि अर्धी जुडी निवडून होईपर्यंत काहीच बोलले नाही. पंचाहत्तरीच्या बाईला सांगायचं की तुमचा सूर आता नको. ज्या सुरावर गट उभा आहे, तोच. शेवटी कसंबसं म्हटलं, "अक्का, या वेळी पोरगी मोबाइलवरनं सूर घेऊ म्हणते. मास्तरांनी लिहिलेला. तुम्हाला तेवढाच आराम."

अक्कांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. मग म्हणाल्या, "लाव म्हना. माले काय?"

मला वाटलं, त्या दुखावल्या. पण बोललं गेलं होतं आणि खरं सांगायचं तर मला हायसं वाटलं.

पुढच्या रविवारी पंखे बंद करून आम्ही उभ्या राहिलो. मुलीनं कानाला मोबाइल लावला, सूर दिला. काळी चार. वर्ग एकदम उजळल्यासारखा झाला. खालच्या ओळीतल्या दोघींचे शब्द मला कित्येक वर्षांत पहिल्यांदा नीट ऐकू आले. हळदीचं गाणं धरलं. पहिलं कडवं झालं, दुसऱ्यात मला मान ताठ करावी लागली. तिसरं चढायला लागलं आणि मी तोंड उघडलं, तर आत काही नव्हतं. नुसती हवा.

गाणं थांबलं नाही. मधल्या ओळीतून अक्का वर आल्या आणि माझी ओळ त्यांनी उचलली. आवाज कापत होता, पण सूर जागेवर होता. जिचा गळा थकला असं मी इतकी वर्षं धरून चालले होते, तिचा.

गाणं संपल्यावर मी म्हटलं, "घसा बसलाय. मिलमध्ये धूळ फार आहे सध्या." एक जण खिडकीबाहेर बघत होती, एक पर्समध्ये काहीतरी शोधत होती, एक वहीची पानं उलटत होती. फक्त ती मुलगी माझ्याकडे बघत होती, कारण तिला कोणी सांगितलेलं नव्हतं. आणि मलाही नव्हतं.

सगळ्या गेल्या. मी कुलूप लावायला थांबले, अक्का पायरीवर बसल्या होत्या. मी त्यांच्या शेजारी बसले.

"अक्का, सूर तुमच्यामुळे खाली आला नव्हता."

"नही."

"मग?"

अक्का पदरानं मान पुसत बोलल्या, "तुनं आपरेशन व्हयनं. तू परत उनी, तुना गळा वर चढे ना. मंग मी सूर खाले लिधा. जरासा. मंग आखो जरासा."

सूर देण्याआधी अक्का नेहमी माझ्याकडे बघायच्या. मला वाटायचं, गट मी चालवते म्हणून त्या विचारतात, सुरू करू का? मी मान हलवायचे, तोऱ्यात. त्या माझा गळा बघत होत्या.

"मला सांगायचं ना, अक्का."

"सांगती ते तू दुसरा रविवारले येती का?"

नसते आले. हे मला विचार न करता कळलं.

"सगळ्यांना माहीत होतं?"

"बठ्ठासले," अक्का म्हणाल्या.

आठ वर्षं. सात-आठ बायका, घरची सगळी कामं टाकून येणाऱ्या, घामाघूम होऊन माझ्यासाठी तीन पट्ट्या खाली गात होत्या आणि एकीच्याही तोंडून चुकून शब्द गेला नाही. आणि मी दर रविवारी घरी जाऊन नवऱ्याला सांगायचे की सगळा गट मी एकटी ओढते. मला लाज वाटली. रडूही आलं, पण ते घरी गेल्यावर, कपडे वाळत घालताना.

त्या संध्याकाळी मी एक फोन केला. नंबर अजून होता. बराच वेळ वाजला, मला वाटलं ती उचलणार नाही. तिनं उचलला. मागे कुठेतरी नातवंडं भांडत होती.

मी म्हटलं, "पुढच्या महिन्यात धुळ्याला गातोय. तुझ्या घरापासून जवळच आहे म्हणे. खालच्या ओळीत तुझी जागा रिकामी आहे. दोघीच आहेत तिथे."

नातवंडांचा आरडाओरडा वाढला.

"सूर काळी चारचा असेल," मी म्हटलं. "पहिल्यासारखा."

तिनं नातवंडांना बाहेर काढून दार लावल्याचा आवाज आला. मग तिनं विचारलं, अगदी हळू, सहा वर्षांपूर्वी जे विचारायचं राहिलं होतं त्याच आवाजात.

"मग तुझं कसं गं?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"मी तुझ्या शेजारी उभी राहते," मी म्हटलं. "मला खालची ओळ येत नाही. शिकवशील का?"