हेच पुढच्या घरी सांग

परभणीच्या एका कॉलेजात चंद्रभान कारकून होता. हातात कोणताही कागद पडला की आधी त्याच्या तीन नकला काढायच्या, मगच तो साहेबांपुढे ठेवायचा, ही त्याची खोड. ऑफिसातले त्याला ‘कार्बनराव’ म्हणत. म्हणोत बापडे! त्यांच्या कागदांना कधी कुणी काडी लावली नव्हती.

अठ्ठ्याहत्तर साली नामांतराच्या दंगलीत चंद्रभानच्या ताडकळसकडच्या गावातली बौद्धवस्ती पेटवली गेली. घरात पत्र्याची पेटी, पेटीत चंद्रभानचं मॅट्रिकचं सर्टिफिकेट. तो तेव्हा परभणीत खोली करून होता, अन् आठ दिवसांवर मास्तरकीची मुलाखत आली होती. त्याची माय तानुबाई पेटीपाशीच उभी होती म्हणे, आणि पेटी न उचलताच बाहेर पडली. दुसरं सर्टिफिकेट मिळायला दीड वर्ष लागलं. तोवर मास्तरकी गेली ती गेलीच. पुढे माय त्याच्याजवळच राहिली, पण तेरा वर्षं तो तिच्याशी धड बोलला नाही. जेवलीस का, गोळ्या आणल्यात, एवढंच. पेटी का सोडलीस, हे एकदाही विचारलं नाही. मनातली गाठ काही सुटेना.

एक्याण्णव साली ऑफिसात कॉम्प्युटर आला आणि तो शिकवायला दत्तराव सर आले. चंद्रभानची हौस बघून त्यांनी त्याला एक कोडं घातलं. असा प्रोग्रॅम लिहायचा, की तो चालवला की स्वतःच्याच सगळ्या ओळी जशाच्या तशा छापील. चंद्रभानला वाटलं, हात्तिच्या! त्यानं मशीनमध्ये साठवलेल्या ओळीच दाखव, असा एका ओळीचा हुकूम लिहिला. दत्तराव हसले.

“ही अस्सल बघून काढलेली नक्कल झाली, चंद्रभानराव. अस्सल जळालं तर? बघायचं न्हाई. सगळं पोटातच पाहिजे.”

जळालं हा शब्द वर्मी लागला. गडी इरेला पेटला. पण एक ओळ छापायची तर ती छापणारी दुसरी ओळ लागे, आणि दुसरी छापायला तिसरी. ऑफिसातल्या सत्यप्रतीचं तेच तर होतं. नकलेची नक्कल काढली की तिच्यावर एक शिक्का जास्तीचा बसतो, मग ती अस्सलाशी जुळायची कशी? महिनाभर ताटाशेजारी कागद घेऊन तो जेवत होता.

एका रविवारी मायनं न राहवून विचारलं, एवढं काय शोधायलास? यानं तुटकपणे सांगितलं, स्वतःच स्वतःला पुढं धाडील असा निरोप. म्हातारीनं भाकर परतली.

“त्यात काय हाय? तसा तर मी दिलेला हाय.”

आणि मग तिनं सांगितलं. त्या संध्याकाळी अलीकडच्या घरची सरजाबाई धापा टाकत दारात आली होती. सामान राहू दे, ज्वारीत शिर, आन् हेच पुढच्या घरी सांग, एवढंच बोलून वळली. तानुबाईचा हात पेटीच्या कडीवर होता. पेटी जड, आणि पुढचं घर लक्ष्मीबाईचं. ती पाच दिवसांची बाळंतीण. तानुबाईनं कडी सोडली आणि पळत सुटली. निरोप साठ घरं फिरला. वस्ती जळाली, माणूस एकही गेलं नाही.

“तू नेमकं काय केलंस, माय?” चंद्रभानचा घास हातातच राहिला होता.

“काय करायचं? ऐकलं तसं वागले, आन् ऐकलं तसंच पुढं बोलले.”

तेच शब्द, दोनदा! एकदा हुकूम म्हणून पाळायचे, एकदा नुसते शब्द म्हणून जसेच्या तसे पुढे द्यायचे. मग छापणारी ओळ छापायला वेगळी ओळ लागतेच कशाला?

सोमवारी प्रिंटरमधून कागद निघाला. चंद्रभाननं प्रोग्रॅम लिहिलेला आपल्या हातचा कागद शेजारी धरून अक्षर न् अक्षर ताडून पाहिलं. सगळं जुळलं. दत्तरावांनी पाठ थोपटली, पण हा तिथं थांबतोय कसला! अर्ध्या दिवसाची रजा टाकून घरी आला आणि दोन्ही कागद मायच्या हातात दिले. तिला वाचता येत नव्हतं. तिनं ते उलटसुलट करून पाहिले अन् विचारलं, यातलं अस्सल कोणतं?

“कोणतंही जळू दे, दुसरं पुरतंय,” तो म्हणाला. मग खाली बघत म्हणाला, “माय, पेटी सोडलीस ते लय बरं केलंस.”

तानुबाईनं पदर डोळ्यांना लावला.

“लक्ष्मीबाईची ती पाच दिसांची लेक आठवीत गेली,” ती म्हणाली, “तवा तुला कळायलंय.”