भूकंपाच्या साली वावरात

लातूरकडे मोठा भूकंप झाला त्या साली मी चौथीत होते. आमचं गाव मेहकर तालुक्यात, हिवरा आश्रमाच्या थोडं अलीकडे. गणपती बुडवून लोक झोपले होते आणि पहाटे तिकडे गावंच्या गावं बसली. आम्हाला ते सकाळी रेडिओवरून कळलं, पण खरं कळलं ते नंतर, पेपरात फोटो आले तेव्हा. फोटोत घरं नव्हतीच, नुसते दगडांचे ढीग आणि त्यावर बसलेली माणसं.

बाबांनी तो पेपर ओट्यावर पसरून मोठ्यानं वाचला. दगडमातीच्या भिंती आणि वर मातीचं जाड छत, त्यामुळे माणसं दबली, असं त्यात लिहिलं होतं. वाचून झाल्यावर बाबांनी मान वर करून आपल्याच छताकडे पाहिलं. मग आईनं पाहिलं. मग मीही.

आमचं घर धाब्याचं होतं. सागाच्या सऱ्या, त्यांच्यावर काड्या आणि त्यावर हातभर माती. दर उन्हाळ्याच्या शेवटी बाबा त्यावर पांढरी माती टाकून चोपून घ्यायचे, म्हणजे पाणी गळत नसे. मे महिन्यात बाहेरून आलेला पाहुणा आत टेकला की "तुमच्या घरात गारवा हाये बुवा" असं म्हणायचा आणि आईला बरं वाटायचं. त्या दिवसापासून त्या छताखाली जेवताना आम्ही सगळे दाराच्या बाजूला सरकून बसू लागलो. कुणी कुणाला सांगितलं नव्हतं.

आमच्या घराला लागून मोठ्या बाबांचं घर. मोठे बाबा म्हणजे बाबांचे सख्खे थोरले भाऊ. वाटणी झाली तेव्हा एकाच घराच्या मधोमध भिंत घातली होती. त्यांची एकुलती मुलगी लग्न होऊन चिखलीकडे गेलेली. मोठ्या बाबांना लकवा मारून काही वर्षं झाली होती. उजवं अंग गेलेलं, बोलणं जड झालेलं. मोठी आई त्यांचं सगळं करायची. पण तिचं आणि आईचं बोलणं बंद होतं. कारण इतकंच की त्यांच्या धाब्याची पन्हाळ आमच्या अंगणात उतरायची. एका पावसाळ्यात त्या पाण्यानं आईनं ओट्यावर आडोशाला ठेवलेले वाळवणाचे वडे भिजले, आईनं काहीतरी म्हटलं, मोठ्या आईनं त्याला काहीतरी उत्तर दिलं. त्यानंतर दोघी जावा एकाच विहिरीवर पाणी भरायच्या आणि एकमेकींकडे पाठ करून उभ्या राहायच्या. मला मात्र दोन्ही घरांत मोकळीक होती.

घट बसायच्या आदल्या दिवशी सकाळी आई भाकरी थापत होती. मी चुलीपाशी बसून दूध पीत होते. आधी आवाज आला, भरलेला ट्रक गल्लीतून जावा तसा. आमच्या गल्लीत ट्रक शिरूच शकत नव्हता. मग उतरंडीतली मडकी एकमेकांवर खडखडली, माझ्या पेल्यातलं दूध काठापर्यंत हललं. आईनं परातीतल्या पिठासकट मला उचललं की काय असं मला अजून वाटतं, कारण अंगणात आलो तेव्हा माझ्या झग्यावर पीठच पीठ होतं. सगळी गल्ली बाहेर होती. कुणाच्या तोंडाला साबण, कुणाच्या हातात लेकरू. पुन्हा काही झालं नाही. कोंबड्या तेवढ्या ओरडत राहिल्या.

मोठी आई तेवढी बाहेर आली नव्हती.

दुपारी बाबा वावरातून आले. त्यांना काहीच जाणवलं नव्हतं. आईनं त्यांना आत नेऊन भिंत दाखवली. मधल्या भिंतीला वरपासून खालपर्यंत भेग गेली होती. माझी बोटं जातील एवढी. तिच्यातून पलीकडचा उजेड दिसत होता. गावात दवंडी फिरली की घरात झोपू नका, मोकळ्यात जा. आई गोधड्या, पीठ, तिखटमीठ बांधायला लागली. तेवढ्यात भेगेतून मोठ्या आईचा आवाज आला. ती मोठ्या बाबांशी बोलत होती, अगदी हळू.

"तुमी घाबरू नका. मी कुठी जात नाई तुमाले सोडून. पडलं तं दोघाईवर पडीन."

आईचे हात थांबले. ती बांधलेल्या गाठोड्यावर तशीच बसून राहिली. बाबा बैल जुंपून दारात आले तेव्हा ती म्हणाली, "गाडी आधी त्याईच्या दारात लावा."

बाबांनी विचारलं, "तू बोलली का त्याईच्याशी?"

"बोलाचं काय काम हाये? गाडी लावा म्हनते ना."

मी बाबांच्या मागून गेले. मोठी आई दारातच आडवी उभी राहिली. म्हणाली, "भाऊजी, तुमी जा. तथी वावरात याईची घाण कोन काढीन? दुसऱ्याच्या वावरात मले मिंध्यागत राहाचं नाई."

"वहिनी, दुसऱ्याचं काऊन म्हनता? ते वावर दादानंच नांगरलं इतके वर्स."

ती हलली नाही. मग आतून, बाजेवरून, मोठ्या बाबांचा आवाज आला. त्यांचं बोलणं आम्हाला फारसं कळायचं नाही, पण हा शब्द अगदी स्वच्छ आला.

"चाल."

शेजारची चार माणसं आली, बाजेसकट मोठ्या बाबांना गाडीत ठेवलं. मोठी आई उशाशी बसली, आई गाडीच्या मागून चालत आली. वाटेत सगळं गावच चाललं होतं. कुणाच्या डोक्यावर पेटी, कुणाच्या हातात शेळी. मला तर जत्रेला निघाल्यासारखं वाटत होतं.

बाबांनी आंब्याखाली बल्ल्या रोवल्या, बाजूंनी तुराट्या बांधल्या आणि वर ताडपत्री टाकली. जड काही वर ठेवायचं नाही हा त्यांचा नेमच झाला. "अंगावर पडलं तं झटकून उठता आलं पाह्यजे," म्हणायचे. एकाच ताडपत्रीखाली दोन संसार मांडले. आईची चूल एका टोकाला, मोठ्या आईची दुसऱ्या टोकाला. दोघींमध्ये फार तर दोन बाजांचं अंतर. तरी आई मला सांगायची, "जा, तुह्या मोठ्या आईले इचार, मीठ पाह्यजे का?" आणि मी उठायच्या आतच मोठी आई तिकडून मला सांगायची, "तुह्या मायले सांग, हाये मीठ." मी मध्ये बसून नुसती मान इकडून तिकडे वळवायचे.

मोठ्या बाबांची बाज बाबांनी आंब्याच्या कडेला, ज्वारीकडे तोंड करून ठेवली. इतकी वर्षं त्यांनी छताच्या सऱ्यांशिवाय काही पाहिलं नव्हतं. पहिल्या सकाळी पोपटांचा थवा ज्वारीवर उतरला आणि मोठे बाबा हसायलाच लागले. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. मोठी आई घाबरून धावत आली. बाबा मात्र बराच वेळ त्यांच्याकडे पाहत उभे राहिले. मग त्यांनी घरून रिकामे डबे आणले, ज्वारीत जागोजागी खुंट रोवून त्यांना ते टांगले, सगळ्यांना एक लांब दोरी बांधली आणि तिचं टोक मोठ्या बाबांच्या डाव्या हातात दिलं.

"दादा, आता हे राखन तुमच्याकडं."

मोठ्या बाबांनी दोरी ओढली. सगळ्या वावरातले डबे एकदम खणखणले आणि हिरवागार थवा उठून गेला. त्या दिवसापासून ते सकाळपासूनच बसतं करा म्हणून खूण करायचे. मोठी आई त्यांच्या पाठीशी गोधडीची गुंडाळी लावायची. पाखरू दिसो न दिसो, मोठे बाबा मधूनच दोरीला एक झटका द्यायचे. शेजारच्या वावरातले लोक हाक मारायचे, "काय मोठे मालक, जागे हा का?" आणि उत्तरादाखल डबे वाजायचे. त्या ज्वारीची कणसं किती वाचली कोण जाणे. मोठ्या आईनं मला नंतर एकदा सांगितलं की त्या दिवसांत ते जेवण मागून घ्यायला लागले होते.

शाळेला सुट्टीच होती. आम्ही पोरं भुईमूग उपटायचो, विस्तवावर भाजून खायचो, काळं तोंड घेऊन हिंडायचो. मोठी माणसं भ्यायलेली होती हे मला आता कळतं. कुणी सांगायचं शुक्रवारी जमीन फाटणार. कुणी म्हणायचं लोणारच्या सरोवराचं पाणी उकळतंय. गावातला एक जण खास सायकल मारत लोणारला गेला, पाण्यात हात घालून आला आणि सगळ्यांना तो हात दाखवत फिरला. "कायचं उकळते? थंडगार हाये." मग दोन दिवस लोक जरा निवांत झोपले.

दसऱ्यानंतर एका संध्याकाळी अवकाळी आभाळ आलं. बाबा बैल सोडायला गेले होते. वारा असा सुटला की ताडपत्रीची एक बाजू सुटून झेंड्यासारखी फडफडायला लागली आणि पावसाचे टपोरे थेंब थेट मोठ्या बाबांच्या बाजेवर पडू लागले. मोठी आई एक टोक धरून लोंबकळत होती. आई धावली, दुसरं टोक तिनं पकडलं. मी बाजेखाली शिरले होते. वरून दोघींचा आवाज येत होता.

"घट्ट धर व, घट्ट! सोडशीन!"

"धरलं ना बाई! तुमी तिकून ओढा, इकून काऊन ओढता?"

"मले नको शिकवू! आंगावर घे त्याईच्या, आंगावर!"

दोघींनी मिळून ती ताडपत्री मोठ्या बाबांवर पसरली आणि तिच्या कडांवर स्वतःच बसल्या, एक उशाशी, एक पायाशी. पाऊस त्यांच्या डोक्यावर कोसळत होता. ताडपत्रीखालून मोठे बाबा काहीतरी बोलले. आईनं वाकून विचारलं, "काय म्हनून राह्यले?" मोठ्या आईनं कान लावून ऐकलं आणि तिला हसू आवरेना. "म्हनते, दोघी जावा बोलल्या, आता खरा भूकंप होईन."

आई हसली आणि हसता हसता रडायला लागली. मोठ्या आईनं आपला ओला पदर पिळून तिचं तोंड पुसलं.

पाऊस थांबला तेव्हा आईची चूल वाहून गेली होती. मोठ्या आईच्या चुलीवर चहा झाला. दुसऱ्या दिवशी बाबा नवीन चुलीसाठी दगड घेऊन आले, तर मोठी आई म्हणाली, "कायले? एक पुरे हाये."

दिवाळी आम्ही वावरातच केली. बांधावर पणत्या लावल्या. पण थंडी वाढली, कापूस वेचायला आला आणि लोक एक एक करून घरी परतू लागले. पुन्हा धक्का काही बसला नव्हता. मोठे बाबा मात्र तयार नव्हते. छताखाली जायचं म्हटलं की डाव्या हातानं बाजेचा गात, म्हणजे कडेचं लाकूड, घट्ट धरायचे. त्यांच्यासाठीच म्हणून बाबांनी दोन्ही घरांवरचं धाबं उतरवलं आणि टिनपत्रे टाकले. गाड्यामागून गाड्या माती निघाली. बाबा ती वावरात नेऊन टाकत होते. मधली भिंत तर पाडावीच लागली. नवी बांधताना दार ठेवायचं की नाही यावर चर्चा झालीच नाही, गवंड्यानं विचारलं आणि दोन्ही घरांतून एकदम "हाव" आलं. मोठे बाबा तरीही आत गेले नाहीत, त्यांची बाज अंगणात घातलेल्या मांडवातच राहिली. ते पुढे दोन हिवाळे जगले आणि हरभऱ्याच्या दिवसांत, सकाळच्या उन्हात गेले.

टिनाखाली उन्हाळ्यात भाजून निघायचं. पाऊस आला की आत एकमेकांचं बोलणं ऐकू येत नसे. आई म्हणायची, गारवा गेला घराचा. तरी धाबं पुन्हा घालायचं नाव कुणी काढलं नाही. दोघी जावांचं भांडणही संपलं असं नाही. पत्र्यावरच्या पाण्यावरून, कोंबड्यांवरून, माझ्या लग्नात कुठली साडी कुणाला द्यायची यावरून त्या कडाकडा भांडल्या. पण भांडण तोंडावर व्हायचं आणि संध्याकाळपर्यंत संपायचं.

मी आता बुलढाण्याला राहते, चार मजली इमारतीत दुसऱ्या मजल्यावर. फोनवर विजेचा इशारा येतो, गारपिटीचा इशारा येतो. बाबा आता नाहीत. असताना ते आभाळाकडे पाहून सांगायचे आणि बऱ्याचदा चुकायचे. फोनही चुकतो. पण इशारा आला की मी आधी गावाकडे फोन लावते. आई म्हणते, "हाव, पाह्यलं. हरभरा झाकून ठेवला," आणि मागून मोठ्या आईचा आवाज येतो, "तिले सांग, तू गच्चीवर जाऊ नको."

मागे एका सकाळी इथेही जमीन हलली. हिंगोलीकडे काहीतरी झालं होतं, असं नंतर कळलं. पंखा झुलायला लागला तशी मी मुलीचा हात धरून जिना उतरले. खाली गाड्यांच्या मधल्या जागेत सगळी इमारत जमली होती. इतकी वर्षं एकाच जिन्यानं वर-खाली करणारी माणसं आम्ही, पण अर्ध्यांची ओळख नव्हती. सगळे फोनवर. तिसऱ्या मजल्यावरचे एक म्हातारे गृहस्थ भिंतीला धरून उभे होते. माझ्या मुलीनं वॉचमनची खुर्ची ओढत आणली आणि त्यांना म्हणाली, "आजोबा, भिंतीपासून दूर बसा."

मी तिला असं कधी सांगितल्याचं मला आठवत नाही. शाळेत शिकवलं असेल. आम्ही दोघी त्यांच्या बाजूला जमिनीवरच बसलो. लोक हळूहळू वर गेले. ते गृहस्थ विचारत होते, तुम्ही कुठल्या, तुमचं गाव कोणतं, आणि मी सांगत होते. ऊन अंगावर यायला लागलं तेव्हा ते म्हणाले, थांबा, आता चहा घेऊनच जा. त्यांच्या घरची माणसं पातेलं आणि गॅसची शेगडी घेऊन खालीच आली.