रायोलाइटमधलं लोखंड

एमएस्सीला माझा विषय मुंबईतल्या मढचा रायोलाइट होता. प्राचीन ज्वालामुखीतला हा फिकट दगड. यात सिलिका भरपूर आणि लोखंड अगदी कमी असतं. खालच्या थरापासून वरपर्यंतचे बारा नमुने मी डिलाईल रोडच्या आमच्या खोलीत आणून ठेवले. त्यांची पूड कॉलेजातल्या अकीकाच्या, म्हणजे लोखंड नसलेल्या कठीण दगडाच्या खलात करायची होती, पण तिथे रांग होती.

एकदा घरी आले, तर बाबांनी बारा पुड्या नंबर घालून ठेवल्या होत्या.

"तुका वेळ नाय गावत, म्हणान मीच कुटलंय."

मी काहीच न विचारता त्या प्रयोगशाळेत दिल्या. चूक माझीच. प्रत्येक थरात लोखंड भरमसाट निघालं. सर म्हणाले, "हे खरं असेल तर मोठा शोध आहे."

घरी विचारलं, "बाबा, कुटलंत कशात?"

"लोखंडी खलबत्त्यात. धुवून घेतललंय."

सरांना खरं सांगितलं. त्यांनी शांतपणे तपासणीचे कागद परत दिले.

रविवारी बाबा माझ्यासोबत मढला आले. नवे बारा दगड त्यांनीच उचलले. परतताना विचारलं, "यातलो सगळ्यात जुनो खंयचो?" मी दाखवला. तो त्यांनी आपल्या रुमालात गुंडाळून वेगळा ठेवला.